युद्धग्रस्त स्त्रियांची सहोदरा : एमिली हॉबहाऊस

युद्धाचा इतिहास शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांकडून सन पाठ करून घेतो, तहाची कलमे लिहून घेतो आणि सेनापतींची नावे विचारतो. कोण जिंकले आणि कोण हरले हे सांगून झाले की धडा संपतो. ज्या गावावरून सैन्य गेले त्या गावातल्या बाईने दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवली, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आम्ही पाहिलेला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज बाईने हा प्रश्न विचारला, तोही स्वतःच्याच देशाच्या सरकारला. उत्तर मिळेना तेव्हा ती स्वतः त्या चुलीपाशी जाऊन बसली. तिचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

एमिली हॉबहाऊस यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह या लहानशा गावी झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. घराणे प्रतिष्ठित आणि सुशिक्षित होते. चुलते लॉर्ड आर्थर हॉबहाऊस हे काही वर्षे हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदेविषयक सभासद होते. धाकटा भाऊ लिओनार्ड पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला. भाऊ ऑक्सफर्डला गेला. बहिणीला मात्र विद्यापीठाचे दार दिसले नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्येही मुलीच्या शिक्षणाची मर्यादा घरच्यांच्या सोयीने ठरत असे. एमिली वीस वर्षांच्या असताना आई वारली. त्यानंतरची चौदा-पंधरा वर्षे आजारी वडिलांची शुश्रूषा आणि गावातल्या गोरगरिबांची विचारपूस यांतच गेली. १८९५ साली वडील निवर्तले तेव्हा त्यांचे वय पस्तिशीला टेकले होते. जगाच्या हिशेबाने आयुष्याची दिशा ठरून गेली होती. प्रत्यक्षात ती अजून ठरायचीच होती.

वडिलांच्या पश्चात त्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेल्या. तेथील खाणींवर कॉर्नवॉलचे मजूर कामाला होते. त्यांच्या वस्तीत दारूबंदीचे आणि वाचनालयाचे काम त्यांनी आरंभले. तेथेच एका गृहस्थाशी त्यांचा विवाह ठरला. संसाराच्या आशेने मेक्सिकोत जमीन घेतली. परंतु तो व्यवहार बुडाला, विवाहही मोडला आणि १८९८ साली त्या रिकाम्या हाताने मायदेशी परतल्या. थोर व्यक्तींच्या चरित्रांतून अपयशाची पाने गाळण्याची प्रथा आहे. आम्ही ती पाळत नाही. कारण सर्वस्व गेल्यावर माणसाला कसे वाटते, हे हॉबहाऊसबाईंना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. बोअर म्हणजे तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहिलेले, मुख्यतः डच वंशाचे लोक. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताके होती. ट्रान्सवालच्या भूमीत सोने सापडले आणि ब्रिटिश साम्राज्याशी त्यांचा तंटा विकोपास गेला. राजधान्या पडल्या तरी बोअर हटले नाहीत. घोड्यांवरून गनिमी काव्याने लढू लागले. तेव्हा ब्रिटिश सेनापतींनी त्यांचा आधारच तोडायचे ठरवले. शेतघरे जाळण्यात आली, उभी पिके नष्ट करण्यात आली, गुरेमेंढरे हाकून नेण्यात किंवा मारण्यात आली. सुमारे ३०,००० शेतघरे या आगीत गेली असे इतिहासकार सांगतात. घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना गाड्यांत भरून तंबूंच्या छावण्यांत डांबण्यात आले. सरकारी कागदांत त्यांना निर्वासितांच्या छावण्या म्हटले जाई. इतिहासाने त्यांना छळछावण्या म्हटले.

युद्धाला विरोध करणारी एक समिती लंडनमध्ये स्थापन झाली होती. हॉबहाऊसबाई तिच्या स्त्री-शाखेच्या चिटणीस झाल्या. जून १९०० मध्ये त्यांनी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये स्त्रियांची निषेध सभा भरवली. परंतु सभा आणि ठराव यांनी कोणाच्या अंगावर पांघरूण पडत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. दक्षिण आफ्रिकेतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी त्यांनी साहाय्य निधी उभारला. मदत केवळ एका बाजूच्या लोकांसाठी नव्हती. बोअर असो, इंग्रज असो वा अन्य कोणी, युद्धाने ज्याला बेघर केले त्याला मदत द्यायची, हे त्या निधीचे सूत्र होते. तो निधी घेऊन त्या डिसेंबर १९०० मध्ये एकट्याच जहाजात बसल्या. तेव्हा त्यांना केवळ एका छावणीची वार्ता होती. आणखी किती आहेत, हे केपटाऊनला उतरल्यावर कळत गेले.

तेथील उच्चायुक्त सर आल्फ्रेड मिल्नर यांची भेट घेऊन त्यांनी छावण्या पाहण्याची परवानगी मागितली. सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी ब्लूमफाँटेनच्या पुढे जाण्यास मनाई केली. मदतीच्या सामानाचा रेल्वेचा एक डबा सोबत घेऊन त्या २४ जानेवारी १९०१ रोजी ब्लूमफाँटेनला पोचल्या. गावाबाहेर, झाडाचे नाव नसलेल्या उघड्या माळावर, सुमारे २,००० जीव तंबूंत कोंबलेले होते. त्यांत ९०० हून अधिक मुले होती. दिवसा तंबूचे कापड तापे, पावसात जमिनीवरून पाणी वाहे. खाटा जवळपास नव्हत्या. शिध्यात साबणाचा समावेशच नव्हता. पाणी नदीचे आणि गढूळ. ते उकळून प्यावे तर सरपण पुरेना. विषमज्वर आणि गोवर तंबूमागून तंबू पोखरीत होते. ज्यांचे नवरे किंवा मुलगे अजून रणांगणावर होते त्या कुटुंबांचा शिधा आणखी कमी ठेवलेला होता. पुरुष शरण यावेत म्हणून लेकरांच्या ताटातला घास तोलला जात होता.

अशा ठिकाणी दानशूर पाहुणा डोळे पुसतो, देणगी देतो आणि परत फिरतो. हॉबहाऊसबाईंनी हातात वही घेतली. तंबूतंबूतून हिंडून प्रत्येक बाईची हकिकत त्यांनी लिहून घेतली : घर कोठे होते, केव्हा जाळले, मुले किती, त्यांतली जिवंत किती. मग त्या अधिकाऱ्यांच्या मेजापाशी जाऊन बसत. साबण द्या, पाणी उकळण्यासाठी बंब द्या, सरपण वाढवा, खाटा द्या, परिचारिका आणा, अशा त्यांच्या मागण्या अगदी साध्या आणि नेमक्या होत्या. काही मिळाले, बरेचसे नाकारले गेले. ब्लूमफाँटेनच्या छावणीत लिझी व्हान झिल नावाची सात वर्षांची मुलगी त्यांनी पाहिली. हाडांचा सापळा झालेले ते पोर त्यांच्या डोळ्यांदेखत खंगत गेले. तिच्या मृत्यूचे खापर तिच्या आईवर फोडण्याचा प्रयत्न पुढे इंग्लंडमध्ये झाला. त्याचे खंडन करण्यासाठी हॉबहाऊसबाईंना कितीतरी शाई खर्च करावी लागली. उपाशी ठेवणाऱ्याने आईलाच दोष द्यावा, ही रीत त्या एका देशापुरती किंवा त्या एका काळापुरती नाही, हे वाचक जाणतात.

इतर छावण्या पाहून एप्रिलमध्ये त्या ब्लूमफाँटेनला परतल्या तेव्हा तेथील लोकसंख्या दुप्पट झाली होती. मिळवलेली प्रत्येक सुधारणा नव्या गर्दीत बुडून गेली होती. येथे राहून चार तंबूंना मदत करता येईल. पण हे धोरण बदलल्यावाचून मरणे थांबणार नाहीत, असा निर्णय त्यांनी केला आणि मे १९०१ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. युद्धमंत्र्यांची भेट घेतली, लेखी अहवाल सादर केला आणि तो छापून प्रसिद्ध केला. विरोधी पक्षाचे नेते सर हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन यांनी त्यांचे कथन दोन तास शांतपणे ऐकले. दुसऱ्याच दिवशी जाहीर भाषणात त्यांनी सरकारच्या युद्धपद्धतीला रानटी ठरवले. पार्लमेंटात वादळ उठले.

त्या वादळाचा मारा हॉबहाऊसबाईंनाही सोसावा लागला. वृत्तपत्रांनी त्यांना शत्रूची हस्तक, देशद्रोही, भावनेच्या भरात वाहणारी बाई ठरवले. त्यांच्या भाषणांना सभागृहे मिळेनाशी झाली. सरकारने चौकशीसाठी मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची एक समिती नेमली. तिच्यात हॉबहाऊसबाईंना जागा दिली नाही. तरीही त्या समितीने छावण्या पाहून जे लिहिले, त्याने त्यांचेच म्हणणे मुख्यतः खरे ठरवले. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्या पुन्हा केपटाऊनच्या बंदरात पोचल्या तेव्हा त्यांना जहाजावरून उतरूच दिले नाही. परतीच्या जहाजावर चढण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा सैनिकांनी त्यांना शालीसकट उचलून नेले. ज्या बाईजवळ कागद आणि पेन्सिल यांखेरीज शस्त्र नव्हते, तिची साम्राज्याला एवढी धास्ती वाटावी, यातच तिच्या कामाची किंमत कळते.

त्याच महिन्यात बोअरांच्या छावण्यांतील मृत्युदर वर्षाला दर हजारी ३४४ इतका झाला होता. पुढे छावण्यांची व्यवस्था लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेली, पाणी, औषध आणि अन्न यांत सुधारणा झाल्या, आणि १९०२ च्या मे महिन्यापर्यंत तो दर हजारी २० वर उतरला. म्हणजे ती मरणे दैवाने आलेली नव्हती. साबण, सरपण आणि दूध यांनी टळण्याजोगी होती. तोपर्यंत २७,९२७ बोअर या छावण्यांत मृत्यू पावले होते. त्यांतील २२,०७४ ही सोळा वर्षांखालील मुले होती.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. तोफा थांबल्या की जगाचे लक्षही निघून जाते. हॉबहाऊसबाईंचे मात्र खरे काम येथून पुढे सुरू झाले, असे आम्ही मानतो. १९०३ साली त्या पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेल्या आणि बैलगाडीतून खेडोपाडी हिंडल्या. छावण्यांतून सुटलेल्या स्त्रिया घरी परतल्या होत्या. पण घर म्हणजे छप्पर नसलेल्या चार काळ्या भिंती. नांगराला बैल नाहीत, पेरायला बी नाही, त्यातच दुष्काळ. हॉबहाऊसबाईंनी इंग्लंडमधून पैसा मागवून नांगरणीसाठी बैलजोड्यांची सोय केली. एकाची जोडी दुसऱ्याच्या शेतात फिरू लागली. धान्य वाटले की आठवडा जातो, नांगर चालला की वर्ष निघते, हे त्यांनी तेथे पाहिले.

शेताची सोय लागली तरी मुलींचा प्रश्न उरलाच होता. माळरानावर मैल मैल अंतरावर विखुरलेली घरे, बंद पडलेल्या शाळा, भावंडे पुरून आलेल्या पोरी. हाताला काम नाही आणि बोलायला माणूस नाही. या मुलींच्या हाती घरबसल्या करता येईल असा एखादा उद्योग द्यावा, असे त्यांनी ठरवले. प्रथम लेस विणण्याचा विचार केला आणि युरोपात जाऊन त्याची माहिती मिळवली. नंतर त्यांचे लक्ष लोकरीकडे गेले. मेंढ्यांच्या त्या देशातली लोकर कच्ची परदेशी जात होती आणि तिचेच कापड महाग होऊन परत येत होते. आपल्या दारची लोकर आपणच कातावी आणि विणावी, हा साधा विचार त्यांनी पक्का केला. त्यासाठी वयाच्या पंचेचाळिशीत त्या स्वतः कातायला आणि विणायला शिकल्या.

१९०५ च्या मार्चमध्ये फिलिपोलिस या गावी त्यांनी पहिली कताई-विणाईची शाळा उघडली. मार्गारेट क्लार्क ही क्वेकर पंथाची तरुणी त्यांच्या मदतीला होती. त्याच वर्षी जोहान्सबर्गजवळ लांगलाख्ते येथे दुसरी शाळा निघाली. मुलींनी चाती फिरवायला, सूत सारखे काढायला, माग लावायला शिकावे. मग गालिचे, पांघरुणे आणि कापड विणून ते विकावे. आणि ज्या तयार होतील त्यांनी दुसऱ्या गावी जाऊन शिकवावे, अशी रचना होती. शिकलेली मुलगी शिक्षिका होई आणि शाळेतून शाळा निघे. पुढे कोपीस येथे लेसची शाळाही उभी राहिली.

ज्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत आम्ही हे लिहीत आहोत, तेथील वाचकांना या रचनेचे मोल सांगायला नको. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी दानाची उतरंड असते. कौशल्य शिकवले की ती उतरंड मोडते. ज्या मुलीने छावणीत रांगेत उभे राहून शिधा घेतला होता, तिने आपल्या हाताने विणलेल्या कापडाची किंमत स्वतः सांगावी, यात तिचे माणूसपण परत मिळते. १९०८ साली प्रकृतीने साथ सोडली म्हणून हॉबहाऊसबाईंना युरोपात परतावे लागले. शाळा मात्र त्यांच्यावाचून चालत राहिल्या. ज्याचे काम त्याच्यामागे चालते, त्याचेच नेतृत्व खरे.

छावण्यांत मृत्यू पावलेल्या स्त्रिया व मुले यांचे स्मारक ब्लूमफाँटेन येथे उभारण्यात आले. मरणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई त्या शिल्पात आहे. स्प्रिंगफाँटेनच्या रेल्वे स्थानकावर हॉबहाऊसबाईंनी पाहिलेल्या दृश्यावरून ते घडवलेले आहे. १६ डिसेंबर १९१३ रोजी होणाऱ्या अनावरणासाठी त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. हृदयविकाराने जर्जर असतानाही त्या निघाल्या. परंतु वाटेत बोफर्ट वेस्ट येथे प्रकृती ढासळली आणि त्यांना मागे फिरावे लागले. त्यांचे भाषण समारंभात दुसऱ्याने वाचून दाखवले. त्या भाषणात शोक होता, तसा इशाराही होता. छळणाऱ्याला क्षमा करा, असे त्यांनी सांगितले. आपल्याला हवे असलेले स्वातंत्र्य आपल्या हाताखालच्या लोकांना नाकारू नका, असेही बजावले. छावण्यांत कृष्णवर्णीय आफ्रिकनही मेले आहेत, याची आठवण त्यांनी करून दिली.

हा इशारा कोरडा उपदेश नव्हता. त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेतील हिंदी मजूर तीन पौंडांच्या जुलमी कराविरुद्ध लढत होते. गांधीजी नुकतेच तुरुंगातून सुटले होते, कस्तुरबांनीही कारावास भोगला होता आणि १ जानेवारी १९१४ पासून नवा मोर्चा निघणार होता. हॉबहाऊसबाईंनी गांधीजींना तो थोडा पुढे ढकलण्याची विनंती केली आणि आजारी अवस्थेतच जनरल स्मट्स यांना पत्र लिहून हिंदी लोकांची बाजू मांडली. स्मट्स हे बोअर सेनानी होते. ज्या बाईने आपल्या लेकीबाळींसाठी स्वतःच्या देशाचा रोष पत्करला, तिचा शब्द त्यांना मोडवेना. जानेवारीत गांधीजी आणि स्मट्स यांच्यात तडजोड झाली. तो मार्ग मोकळा करण्यात या पत्राचा वाटा होता. पुढे केपटाऊनमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा यांची हॉबहाऊसबाईंशी भेट झाली, आणि त्यांच्या निधनानंतर गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्यांच्यावर आदराने लिहिले.

येथे एक उणीवही नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. त्या युद्धात कृष्णवर्णीय आफ्रिकनांच्याही वेगळ्या छावण्या होत्या. एक लाखाहून अधिक माणसे त्यांत डांबलेली होती. त्यांच्याकडून मजुरी करून घेतली जात होती. तेथील मृत्यूंच्या नोंदीही नीट ठेवल्या गेल्या नाहीत. ज्या सापडल्या त्यांवरूनच मृतांचा आकडा १४,००० च्या पुढे जातो आणि खरा आकडा त्याहून बराच मोठा असावा, असे अभ्यासक मानतात. हॉबहाऊसबाईंनी आपल्या अहवालात या छावण्यांचा उल्लेख केला, त्यांची पाहणी व्हावी असे सुचवले. पण त्या स्वतः तेथे गेल्या नाहीत. त्यांच्या विणाईच्या शाळाही बोअर मुलींसाठीच होत्या. करुणेलाही काळाची कुंपणे असतात. मात्र १९१३ च्या भाषणात त्यांनी ते कुंपण ओलांडण्याचा प्रयत्न केला, हेही तितकेच खरे.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी पुन्हा प्रवाहाविरुद्ध पाऊल टाकले. १९१४ च्या नाताळात जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील स्त्रियांना उद्देशून शांततेचे एक खुले पत्र निघाले. त्यामागे त्यांचा पुढाकार होता आणि त्यावर १०१ ब्रिटिश स्त्रियांनी सह्या केल्या. १९१६ साली त्या बेल्जियममधून थेट बर्लिनला गेल्या आणि जर्मन परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या. मायदेशी पुन्हा देशद्रोहाचा आरोप झाला. युद्धानंतर लायपझिग शहरातील हजारो भुकेल्या शाळकरी मुलांना रोज एक वेळचे जेवण मिळावे म्हणून त्यांनी काम उभे केले. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतूनही पैसा आला. ज्यांची लेकरे छावणीत उपाशी मेली होती, त्यांनी परक्या देशातल्या लेकरांसाठी पैसे पाठवले.

स्वतः हॉबहाऊसबाईंजवळ मात्र काही उरले नव्हते. हे कळल्यावर दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांनी थोडी थोडी वर्गणी जमवून २,३०० पौंड पाठवले आणि त्यातून कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी त्यांना एक घर घेता आले. ८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मायदेशाने त्याची फारशी दखल घेतली नाही. त्यांच्या अस्थी दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आल्या आणि ऑक्टोबरमध्ये, हजारोंच्या उपस्थितीत, ब्लूमफाँटेनच्या त्याच स्मारकाच्या पायथ्याशी ठेवण्यात आल्या.

कथा येथे संपती तर बरे झाले असते. परंतु ज्यांना त्यांनी वाचवले, त्यांच्याच पुढल्या पिढीने वर्णभेदाची राज्यव्यवस्था उभारली. १९६३ साली स्मारकाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करताना त्यांचे भाषण पुन्हा छापले गेले; त्यातून कृष्णवर्णीयांविषयीचा मजकूर गाळण्यात आला. पुढे त्या सरकारने आपल्या एका पाणबुडीला त्यांचे नाव दिले. आयुष्यभर युद्धाला विरोध करणाऱ्या बाईचे नाव एका युद्धनौकेवर रंगवले गेले. ज्या समाजाने स्वतःचे दुःख शिल्पात कोरले, त्याने दुसऱ्याचे दुःख पुसून टाकले.

म्हणूनच हे चरित्र आम्हांस केवळ वंदनीय वाटत नाही, ते आम्हांस सावधही करते. सोसलेल्या माणसाला सोसणाऱ्याची ओळख आपोआप पटते असे नाही; ती प्रयत्नाने जागी ठेवावी लागते. या शाळेतून बाहेर पडणारी मुले आणि मुली उद्या शिक्षक होतील, परिचारिका होतील, अधिकारी होतील. कोणा मोडलेल्या घरातली बाई त्यांच्या मेजासमोर उभी राहील. तेव्हा तिला सहानुभूतीचे चार शब्द देऊन त्यांनी थांबू नये. हातात वही घ्यावी, तिची हकिकत तिच्याच तोंडून ऐकावी, तिला आज साबण हवा की उद्यासाठी माग, हे विचारावे. आणि मोजणी करताना, कुंपणापलीकडच्या तंबूत कोणी मोजायचे राहिले तर नाही ना, हे एकदा उठून पाहून यावे.